खाडीपलीकडील एक दिवस

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली येथें राहणाऱ्या गृहस्थास त्याचा पत्ता विचारला, तर तो उपनगराचें नांव सांगेल, रस्त्याचें नांव सांगेल, इमारतीचा मजलाहि सांगेल. परंतु आपण एका बेटावर राहतों, असें मात्र त्याच्या तोंडून कधीं निघणार नाहीं. वस्तुतः तें अगदीं खरें आहे. हीं सारीं उपनगरें ज्या भूमीवर वसलीं आहेत, ती साष्टी हें एक मोठें बेट आहे. ‘षट्षष्टि’ म्हणजे सहासष्ट गांवांचा समूह, त्यावरून ‘साष्टी’ हें नांव पडलें, असें सांगतात. पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस उल्हास नदी जिच्यांतून समुद्रास मिळते ती वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस माहीमची खाडी, अशी या बेटाची पाण्यानें आंखलेली चतुःसीमा आहे.

मग हें बेटपण लोक विसरले कसे? पुलांमुळें विसरले. मुंबई आणि साष्टी यांच्यामध्यें पूर्वीं होडीवांचून गति नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गव्हर्नर डंकन यांच्या कारकीर्दींत शीवचा बांध झाला. माहीमच्या खाडीवरील बांध १८४५ सालीं पुरा झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनीं १,५७,००० रुपये दिले. येणाऱ्याजाणाऱ्यांपासून कर घेऊं नये, एवढीच त्यांची अट होती. माहीमच्या रस्त्यास आजहि त्यांचें नांव आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. पुढच्याच वर्षीं तिचे रूळ ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास पोंचले. आणि १८६४ सालीं वसईच्या खाडीवरून आलेली दुसरी आगगाडी ग्रँट रोडपर्यंत येऊन ठेपली. तेव्हांपासून पाणी पुलाखालीं राहिलें आणि माणूस डब्यांत बसून वरून जाऊं लागला. पाण्याकडे पाहण्याचें त्यास कारणच उरलें नाहीं.

तथापि साष्टीच्या पश्चिम कडेस अद्यापि अशा तीन जागा आहेत, कीं जेथें सरळ वाट होडीचीच आहे. वर्सोव्याहून मढास, मार्व्याहून मनोरीस आणि गोराईहून बोरिवलीस. या तिन्ही वाटा एका सूत्रांत ओवल्या, तर एका दिवसाची सुरेख फेरी होते. सकाळीं घाटकोपरहून निघालेला माणूस संध्याकाळीं पुनः घाटकोपरास येतो आणि मेट्रोचा शेवटचा टप्पा सोडल्यास आल्या वाटेनें त्यास परतावें लागत नाहीं. मेट्रो, रिक्षा, बस, होडी आणि सरतेशेवटीं स्वतःचे पाय, अशीं पांच वाहनें या फेरींत लागतात. खर्च बेताचा येतो. आणि बेटावर राहणें म्हणजे काय, हें पुस्तकावांचून कळतें.

समजा, घाटकोपरचें एक कुटुंब माघ महिन्यांतील एका रविवारीं या फेरीस निघालें आहे. आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडें, अशीं पांच माणसें आहेत. निघण्यापूर्वीं मुलगा हवामानाचा अंदाज पाहतो. आजोबा पंचांग पाहतात. त्या दिवशीं शुद्ध द्वादशी आहे, हें पाहून ते म्हणतात, ‘नवाच्या सुमारास भरती पुरी होईल, आणि तीन वाजून गेल्यावर पुरी ओहोटी.’ नातवंडांना या ज्योतिषाचें नवल वाटतें. परंतु यांत ज्योतिष कांहीं नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब आहे. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल, तितके वाजतां अदमासें पूर्ण भरती असते. बारांची पाऊणपट नऊ, म्हणून द्वादशीस नऊ वाजतां भरती. अष्टमीस आठांची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजतां. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो, आणि भरती त्याच्यामागून तितकीच सरकत जाते. पन्नास मिनिटें म्हणजे जवळ जवळ पाऊण तास. या हिशेबाचें मर्म तेंच. भरतीनंतर सहा तासांनीं ओहोटी, आणि पुनः सहा तासांनीं भरती. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाणी फार चढतें आणि फार उतरतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा असतो, त्यास भांग म्हणतात. होडीवर पोट असणाऱ्यास हें ज्ञान घड्याळाइतकेंच लागतें.

घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. मुंबईची ही पहिली मेट्रो. सुमारें साडेअकरा किलोमीटरांची ही वाट खांबांवरून, घरांच्या गच्च्यांशेजारून जाते, अंधेरीस पश्चिम रेल्वेच्याहि वरून जाते, आणि वीस-पंचवीस मिनिटांत प्रवाशास साष्टीच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे नेऊन सोडते. ज्यांनीं हेंच अंतर रस्त्यानें तास-दीड तास खर्चून काटलें आहे, त्यांना या सोयीचें मोल सांगावयास नको. वर्सोवा स्थानकाबाहेर रिक्षा मिळते. उंच इमारती हळूहळू मागें पडतात, रस्ता अरुंद होतो, मासळीचा वास येऊं लागतो, आणि रिक्षा वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत शिरते.

मोकळ्या जागीं बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. दारांत बसून बाया सुकटीची निवड करितात. पुरुष जाळीं दुरुस्त करीत असतात. सरकारी नियमाप्रमाणें १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक बोटींना समुद्रांत मासेमारी बंद असते, कारण तो मासळीच्या विणीचा काळ. त्यानंतर नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा होते. शहरवासीयास समुद्र म्हणजे फिरावयास जाण्याची जागा. येथें तो शेतासारखा आहे, त्यासहि पेरणीचा काळ आहे आणि विश्रांतीचाहि आहे.

धक्क्यावर पोंचतांच आजोबांचा हिशेब मुलांना पटतो. खाडी कांठोकांठ भरलेली असते आणि होडीची कड धक्क्याच्या जवळ जवळ बरोबरीस आलेली असते. होडींत माणसांबरोबर मोटरसायकली आहेत, दुधाचे कॅन आहेत, भाजीच्या पिशव्या आहेत. पांच-सात मिनिटांत पैलतीर येतो. हेंच मढ रस्त्यानें गांठावयाचें तर मालाडवरून सुमारें वीस किलोमीटरांचा वळसा पडतो.

मढ हें जुन्या काळीं वेगळें बेट होतें. आतां मालवणीच्या बाजूनें तें साष्टीशीं जोडलें गेलें आहे. लोक मात्र अजूनहि ‘मढ बेट’च म्हणतात. खाडीच्या मुखावर पोर्तुगीजांनीं बांधलेला किल्ला आहे. तो लहान आहे, परंतु जागा मोक्याची. रस्ते नव्हते तेव्हां खाडी हाच रस्ता होता, आणि ज्याच्या हातीं खाडीचें मुख, त्याच्या हातीं आंतला मुलूख. म्हणूनच चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं १७३९ च्या फेब्रुवारींत हा किल्ला घेतला. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. पुढें १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम राहिली. सध्यां हा किल्ला वायुदलाच्या ताब्यांत आहे. परवानगीवांचून आंत जातां येत नाहीं. बाहेरून पाहूनच समाधान मानावें.

मढाहून मार्व्याकडे जाणारा रस्ता समुद्राच्या साथीनें जातो. बेस्टची बस मिळते, रिक्षाहि मिळते. वाटेंत एरंगळ गांव लागतें. तेथें अगदीं वाळूच्या कांठाशीं सेंट बोनाव्हेंचरचें जुनें देऊळ आहे. तें १५७५ सालचें असें मानतात. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं येथें मोठी जत्रा भरते, आणि तीस ख्रिस्ती लोकांप्रमाणेंच कोळी व इतर हिंदु मंडळीहि येतात. पुढें अक्साचा विस्तीर्ण किनारा लागतो. तो दिसावयास जितका सौम्य, तितकाच पोहणाऱ्यास घातक आहे. वाळू पायांखालून सरकते आणि परतणारी लाट माणसास आंत ओढते. येथें अनेकांनीं प्राण गमावले आहेत. म्हणून या किनाऱ्यावर डोळ्यांचें सुख घ्यावें, पाण्यांत उतरूं नये.

मार्व्यास दुसरी खाडी आडवी येते. ती मनोरीची खाडी. पलीकडे मनोरी, गोराई, उत्तन हीं गांवें ज्या लांबट भूमीवर आहेत, तिला जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हटलें आहे. माहीमजवळची प्रसिद्ध धारावी ती निराळी. नांव तेवढें एक. वसईच्या मोहिमेंत या धारावीसाठींहि मराठे व पोर्तुगीज यांच्यांत झुंज झाली होती.

मार्व्याच्या होडींत मालाडच्या बाजारांत मासळी विकून परतणाऱ्या कोळणी बसल्या आहेत. टोपल्या रिकाम्या, पदर कमरेस खोंचलेला. सून एकीस सहज विचारते, ‘रात्रीं होडी बंद झाल्यावर कोणाला दवाखान्यांत न्यायचं झालं, तर काय करतां?’ ती म्हणते, ‘मग गाडीनं उत्तनवरून भाईंदरला वळसा घालायचा, बाय. तुम्हांला ही हौस, आम्हांला रोजचं हाय.’ यांत तक्रार नाहीं. जें आहे तें तिनें सांगितलें. परंतु तें ऐकून होडीच्या कडेस हात टेकून पाण्याशीं खेळणारीं मुलेंहि क्षणभर गप्प होतात. त्यांची घटकेची मौज ही दुसऱ्या कोणाची शाळेची वाट, दवाखान्याची वाट आणि पोटाची वाट आहे, हें होडींत बसल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

मनोरींत उतरल्यावर आपण मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींतच आहों, यावर विश्वास बसत नाहीं. कौलारू घरें, अंगणांत क्रूस, माड, विहिरी, मधूनच शेत. येथील पुष्कळ वस्ती ख्रिस्ती असून तिची भाषा मराठीच आहे. हे लोक ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखले जातात. नांव इंग्रजी आहे, माणसें मात्र येथल्याच मातींतलीं. २६ मे १८८७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि हें नांव रूढ झालें. कारण त्या काळीं गोंव्याकडून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण निराळे, इथलेच मूळ रहिवासी, हें त्यांना सांगावयाचें होतें. त्यांच्यांत लग्नापूर्वीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचें पाणी’ आणण्याची चाल आहे. देऊळ बदललें तरी पाण्याचा मान राहिला. रविवारीं सकाळची प्रार्थना आटोपून परतणाऱ्या म्हाताऱ्या अंगावर लुगडें नेसलेल्या दिसतात. मनोरींत दुपारचें जेवण उत्तम मिळतें. मासळी, भात आणि तांदळाची भाकरी.

मनोरीहून गोराईस जावयास पूर्वीं टांगे असत. आतां रिक्षा आहे. वाटेंत डावीकडे समुद्राचा किनारा, उजवीकडे शेतें आणि तिवरांचें रान. गोराईजवळ आकाशांत सोनेरी कळस चमकूं लागतो. तो विपश्यना पॅगोडाचा. ब्रह्मदेशांत विपश्यना शिकून ती विद्या भारतांत परत आणणारे सत्यनारायण गोएंका यांच्या कल्पनेंतून हें स्मारक उभें राहिलें आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजीं राष्ट्रपति प्रतिभा पाटील यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाचें हें प्रतिरूप सुमारें ३२५ फूट उंच आहे. आंतील घुमटाखालीं एकहि खांब नाहीं. दगडांत दगड गुंतवून तो तोलला आहे, आणि एका वेळीं आठ हजार माणसें तेथें ध्यानास बसूं शकतात. बाहेर खाडीवर वारा असतो, आंत कमालीची शांतता. दिवसभर पायांवर असलेल्या आजोबांना ही जागा विशेष मानवते.

तीन वाजून गेल्यावर मंडळी गोराईच्या धक्क्यावर येतात. सकाळीं कांठोकांठ भरलेलें पाणी आतां खालीं उतरलें आहे. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळानें निसरड्या झाल्या आहेत, म्हणून मुलांचा हात धरून उतरावें लागतें. दोन्ही कांठांस चिखल उघडा पडला आहे, आणि त्यांतून तिवरांचीं सहस्रावधि मुळें बोटांसारखीं वर आलेलीं दिसतात. हीं श्वासमुळें होत. खाऱ्या चिखलांत हवा नसते, म्हणून हें झाड आपलीं मुळें वर पाठवून श्वास घेतें. त्याच चिखलांत खेकडे, निवट्या, कोळंबीचीं पिल्लें वाढतात. बगळे त्यांवर टपून असतात. भरती आली कीं हेंच रान पाण्याचा जोर मोडतें आणि जास्तीचें पाणी आपल्या पोटांत सामावून घेतें. जे या रानाला पडीक जागा म्हणतात, त्यांनीं तें एकदां ओहोटीच्या वेळीं होडींतून पाहावें.

अशा रानाची किंमत न ओळखल्यास काय होतें, हें साष्टीनें २६ जुलै २००५ रोजीं अनुभविलें. त्या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दुपारीं समुद्रास भरती होती. वरून पाऊस, समोरून समुद्र, आणि मिठी नदीचें पात्र भरावानें व बांधकामांनीं आंखडलेलें. पाण्यास जावयास जागा राहिली नाहीं, तेव्हां तें घरांत शिरलें. शेंकडों माणसें मेलीं. पाऊस कोणाच्या हातीं नव्हता. परंतु आपण बेटावर राहतों आणि दिवसांतून दोनदां समुद्र आपल्या दारांत येऊन जातो, ही गोष्ट शहर विसरलें होतें, तें मात्र माणसांच्याच हातचें होतें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेल्या निकालांत तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला आणि सार्वजनिक हिताच्या अपरिहार्य कामावांचून त्यांस हात लावण्यास मनाई केली. कायदा झाला, आतां ती जाणीव घराघरांत पोंचणें अवश्य आहे.

कारण या खाड्यांवर आतां पुलांचा विचार चालला आहे. वर्सोवा आणि मढ यांच्यामध्यें पूल बांधण्याची महापालिकेची योजना आहे, आणि वर्सोव्याहून उत्तरेकडे भाईंदरच्या दिशेनें जाणारा किनारी रस्ताहि आंखलेला आहे. या पुलांस सरसकट विरोध करणें पलीकडच्या माणसांवर अन्याय होईल. मध्यरात्रीं आजारी मूल घेऊन वळसा घालणाऱ्या आईस, ‘तुमच्या होड्या फार रमणीय आहेत, त्या तशाच ठेवा,’ असें अलीकडच्या तीरावरील सुखवस्तु माणसानें सांगणें शोभत नाहीं. लेडी अवाबाईंनीं माहीमच्या बांधास पैसे दिले, ते लोकांचे हाल थांबावेत म्हणूनच.

परंतु पूल येतो तेव्हां तो केवळ रुग्णवाहिका घेऊन येत नाहीं. त्यामागून जमिनीचे भाव येतात, दलाल येतात, उंच इमारती येतात. आणि जाळीं वाळत घालण्याची जागा, बोंबिलांचे मांडव, तिवरांचें रान यांवर प्रथम गदा येते. ज्यांच्यासाठीं पूल म्हणून सांगितलें जातें, तेच लोक तो झाल्यावर तेथें राहतील कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर केवळ नकाशावर मिळणार नाहीं. ज्यांनीं हीं गांवें पाहिलीं आहेत, ज्यांनीं तेथल्या माणसांशीं दोन शब्द बोलले आहेत, असे नागरिक पुष्कळ असतील, तर तो प्रश्न विचारणारेंहि पुष्कळ निघतील. अपरिचित वस्तूसाठीं कोणी भांडत नाहीं.

गोराईची होडी पांच-दहा मिनिटांत बोरिवलीच्या तीरास लागते. तेथून बस लिंक रोडपर्यंत आणते. २०२३ च्या जानेवारीपासून दहिसरहून अंधेरी पश्चिमपर्यंत मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. तीस बोरिवलीस बसावें, अंधेरी पश्चिमेस उतरून शेजारच्या डी. एन. नगर स्थानकावरून घाटकोपरची गाडी धरावी. दिवे लागण्याच्या सुमारास कुटुंब घरीं पोंचतें.

या सहलीस जाणाऱ्यांनीं दोन-तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पावसाळ्यांत, विशेषतः वादळी हवेंत, जाऊं नये. होड्या केव्हांहि बंद होतात. शेवटची होडी किती वाजतां सुटते, हें उतरतांनाच विचारून घ्यावें. कचरा आपल्या पिशवींत परत आणावा. समुद्र तो ठेवून घेत नाहीं, भरतीबरोबर कोळीवाड्याच्या दारांत आणून टाकतो. आणि गांवांतून जातांना पाहुण्यासारखें जावें. जेथें आपण रविवारीं जातों, तेथें कोणाचा तरी सोमवारहि असतो.

घाटकोपरच्या त्या घरांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं मूल शाळेस जातांना आजोबांना विचारतें, ‘आज तिथि कोणती?’ त्रयोदशी, असें उत्तर मिळतांच तें बोटांवर हिशेब करितें आणि पावणेदहा म्हणून सांगतें. खाडी त्याच्या खिडकींतून दिसत नाहीं. पण ती आहे, आणि त्या वेळीं ती भरत आहे, हें त्यास आतां ठाऊक आहे. उपनगरांतल्या प्रत्येक घरांत एवढें ठाऊक असेल, तर या बेटाचें भवितव्य अधिक शहाण्या हातीं राहील.